कोपऱ्यातलं बटण

आमच्या कारखान्यात सकाळी कामाला हात लावण्याआधी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, अशी रीत होती. प्रार्थनेसाठी नव्हे. प्रार्थना असती तर निम्मे लोक उशिरा आले असते. ही रीत पासवर्डसाठी होती.

हे, म्हणजे कारखान्याचे मालक आणि माझे यजमान, कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसायचे, बाह्या सारख्या करायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "भिंत!" की सगळे वळले. माझे दीर पॉलिशच्या चाकापाशी वळायचे, आमची लेक कोरायच्या यंत्रापाशी वळायची, मी हातातल्या फडक्यासकट वळायचे. कुरियरवाला पार्सल छातीशी धरून वळायचा. एकदा विम्याची माहिती द्यायला एक अनोळखी गृहस्थ आले होते, ते हात वर करून वळले. त्यांना वाटलं दरोडा पडला.

मग मागून टकटक, टकटक ऐकू यायची. मध्येच एक विराम, मग पुन्हा टकटक. शेवटी कॉम्प्युटर आपली स्वागताची धून वाजवायचा, हे "झालं!" म्हणायचे आणि आम्ही सगळे पुन्हा माणसात यायचो.

आम्ही पाट्या, ढाली आणि चषक कोरतो. दारावरची नावाची पाटी, डॉक्टरांची पाटी, धावण्याच्या शर्यतीचा चषक, निवृत्त माणसाला देतात ती जड ढाल, जी त्याच्या घरी पुढे दार अडवायला वापरतात. ज्या भिंतीकडे आम्ही रोज तोंड करायचो तिथे एक फडताळ आहे. त्यात बिघडलेला माल ठेवतो, कारण पितळ टाकून द्यायला यांचा जीव होत नाही. सामन्याआधीच विजेत्याचं नाव कोरून ठेवलेला चषक आहे. तो संघ नंतर सपाटून हरला. उलटा धावपटू कोरलेली ढाल आहे, पाय वर, डोकं खाली. नवरा-बायको दोघांची नावं असलेली सुंदर पाटी आहे. ती न्यायला आले तेव्हा दोघं वेगवेगळे आले आणि दोघांनीही घेतली नाही. यातल्या बहुतेक चुका यांच्या हातच्या. गंमत अशी की आम्हाला त्या रोज बघाव्या लागत आणि यांना कधीच नाही, कारण भिंतीकडे तोंड करायची पाळी यांच्यावर कधी आलीच नाही.

पासवर्ड उगाच नव्हता आला. पूर्वी यांचा एक भागीदार होता. यांनी स्वतःच्या हाताने अक्षरांचे नमुने काढले होते. एकेका अक्षराची वेलांटी कुठे जाड, कुठे बारीक, यावर माणूस आठवडा आठवडा जेवताना बोलत नसे. भागीदाराने ते सगळे फ्लॉप्यांवर उतरवून घेतले आणि पलीकडच्या गल्लीत दुकान काढलं. सकाळी हे कामाला निघाले, तर समोरच्या नव्या पाटीवर यांचीच अक्षरं यांच्याकडे बघून हसत होती. त्या दिवसापासून पासवर्ड आला आणि पासवर्डामागून भिंत आली.

कॉम्प्युटर तेव्हाही नवा नव्हता. आता तर दुरुस्तीवाले त्याच्याकडे बघायलाही यायचे नाहीत, फार तर समाचाराला यायचे. पण कोरायच्या यंत्राची मनगटाएवढी जाड केबल दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरला बसत नाही, आणि यंत्र बदलायचं म्हणजे कारखाना बदलायचा. म्हणून ते म्हातारं धूड तसंच चालू होतं आणि आमचा सगळा जीव त्याच्या पोटात होता.

आता माझं एक सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येतो. रोज सकाळी दिवा लावताना मी एक नेम घेते: आज खोटं बोलणार नाही. एका दिवसापुरताच घेते. जन्माचा घेतला तर शेजारणीने नवे पडदे दाखवले की त्याच दिवशी मोडायचा. अडचण आली की मी गप्प बसते. देवाने नेमात तेवढी फट ठेवली आहे आणि मी ती मनापासून वापरते.

तर झालं असं, की यांची दाढ दुखायला लागली. हे दंतवैद्याकडे गेले आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. ती आली तेव्हा कॉम्प्युटरने पुन्हा नाव आणि पासवर्ड विचारणारी ती करडी चौकट पुढे केली. खेळाच्या क्लबाच्या ढाली दुपारपर्यंत द्यायच्या होत्या. लेक यंत्रापाशी हातावर हात ठेवून बसली.

आमच्या लेकीला सगळे ठिणगी म्हणतात. नाव तिच्या काकांनी, म्हणजे माझ्या दिरांनी ठेवलं आणि ती त्याला जागली. यंत्राचं सगळं काम तीच बघते. पितळेवर सुई किती खोल जाऊ द्यायची हे तिला आवाजावरून कळतं. फक्त सकाळचं कुलूप तिच्या हातात नव्हतं.

"उघड की तूच काहीतरी करून," भाऊजी म्हणाले. "तुला येतं सगळं."

"येईलही. पण चोरून उघडायला मी त्या भागीदाराची भाची नाही," ठिणगी म्हणाली. "सांगितलं तर उघडेन."

शेवटी ती दंतवैद्याकडे गेली आणि बापाला खुर्चीतून उठवून घेऊन आली. यांचा अर्धा चेहरा बधिर, गालात कापसाचा बोळा, गळ्यात दंतवैद्याचा कागदी टॉवेल तसाच. तरी बसले, बाह्या सारख्या केल्या आणि म्हणाले, "इंऽत!"

आम्ही वळलो. भाऊजींचे खांदे हलत होते. माझेही हलत होते, पण मी ते नामस्मरणाचं हलणं आहे असं स्वतःला सांगितलं. ठिणगीचे खांदे मात्र हलत नव्हते.

हे पुन्हा दंतवैद्याकडे जायला निघाले तेव्हा तिने त्यांना दारात अडवलं.

"बाबा, मला शनिवारपर्यंत पासवर्ड सांगा."

यांनी तोंडाकडे बोट दाखवलं.

"लिहून द्या."

यांनी मान हलवली.

"मग ऐका. लिफ्टच्या बटणांच्या पाट्या करणाऱ्या त्या कंपनीने मला बोलावलंय. शनिवारी दुपारी बारापर्यंत त्यांना हो-नाही कळवायचं आहे. तुमचा माझ्यावर विश्वास असेल तर मी इथे. नसेल तर मी त्या गावी जाऊन आयुष्यभर 'वर' आणि 'खाली' कोरत बसेन."

हे गळ्यातला टॉवेल सारखा करत बाहेर पडले. बधिर गालाने माणूस रुसलाय की रडतोय हे कळत नाही.

त्यानंतर घरात बापलेकीचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. "आई, त्यांना मीठ दे." "अगं, तिला सांग मला मीठ नकोय." मीठ बिचारं टेबलाच्या मधोमध. मी यांना विचारलं, "पोरीला सांगायला काय हरकत आहे?" तर म्हणाले, "वेळ आली की सांगेन." आणि वर्तमानपत्र उघडलं. ते कालचं होतं.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा हे गुपित थेट देवाच्या कानात सांगणार. आणि देव म्हणेल, थांबा हं, मी जरा भिंतीकडे वळतो."

दुसऱ्या दिवशी क्लबाचा फिरता चषक कामाला आला. केवढा थोरला, भोपळ्यासारखा पोटाचा! मी पुढच्या सकाळी लवकर जाऊन तो घासला, पुसला, असा चकचकीत केला की त्यात स्वतःचे पांढरे केस मोजता यावेत. ठेवायला जागा नव्हती म्हणून फडताळात पुढेच ठेवला. मग हे आले, आणि "भिंत!" झालं.

मी वळले. समोर चषकाच्या पोटात सगळा कारखाना वाकडा होऊन बसला होता. मधोमध हे, आडव्या बाजूने, टेबलाशी. मी काही मान वळवली नव्हती. कारखानाच माझ्यापुढे आला होता. डोळे मिटायला हवे होते हे खरं. पण डोळे मिटायचा नेम मी घेतलेला नाही.

यांची बोटं कीबोर्डवर नुसती नाचत होती. इकडे, तिकडे, काही धरबंधच नाही. मांजर चालून गेलं असतं तर याहून नीट चाललं असतं. मग विराम. मग करंगळी उचलली, सगळ्यात वरच्या कोपऱ्यापाशी गेली आणि एकदाच टेकली. धून वाजली.

"झालं!" हे म्हणाले.

मी दिवसभर विचारात. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा फडकं घेऊन मी कॉम्प्युटरपाशी आले. धूळ पुसायला आले, आणि खरंच आधी धूळच पुसली, म्हणजे नेमाला बट्टा नको. कीबोर्डवरच्या सगळ्या बटणांवर पुसट का होईना अक्षरं शाबूत होती. फक्त डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या बटणावर काहीच उरलं नव्हतं. ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की देवळातल्या पायरीची आठवण यावी.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा चालू केला. घरघरला, खोकला आणि ती करडी चौकट आली: नाव काय, पासवर्ड काय. मी देवाचं नाव घेतलं आणि ते गुळगुळीत बटण दाबलं.

चौकट गेली. धून वाजली. यांची सगळी अक्षरं, सगळे नमुने, सगळा संसार माझ्यासमोर उघडा पडला.

मी खुर्चीत बसूनच राहिले. दारावर पहारेकरी उभा आहे, तो दरडावून विचारतोय "कोण तुम्ही? खूण सांगा!", आणि आपण "नाही सांगत जा" म्हटलं की तो बाजूला होऊन म्हणतोय, "बरं, या मग आत." असा पहारेकरी! आणि त्याच्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं उलटा धावपटू बघत उभे राहिलो होतो!

संध्याकाळी हे खिडकीशी बसून चहा घेत होते. ठिणगी अजून आली नव्हती. मी त्यांच्यासमोर बसले आणि एवढंच म्हणाले, "कोपऱ्यातलं बटण."

कप बशीवर आपटला. यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

"कुणी सांगितलं?"

"चषकाने."

यांनी कप बाजूला सारला. मग खांदे पडले आणि एकदम बोलायला लागले.

"त्या भागीदाराच्या धसक्याने मी सारखा पासवर्ड बदलायचो. एकदा संध्याकाळी बदलला आणि सकाळी आठवेना. तुम्ही सगळे पाठमोरे उभे. मी सुचेल ते टाकून पाहिलं. ठिणगीचा वाढदिवस टाकला, घराचा नंबर टाकला. तुझं नाव टाकलं."

"माझं नाव घराच्या नंबरानंतर?"

"अगं, ऐक ना. घाम फुटला होता मला. शेवटी वाटलं पळून जावं. ते 'एस्केप'चं बटण सुटका करून घ्यायचं असतं एवढं ठाऊक होतं. दाबलं, आणि उघडलं की! मला वाटलं यंत्राला माझी दया आली. आठवडाभर मी त्याला हात जोडून बसत होतो."

"ते होय! मला वाटलं तुम्हाला भक्ती लागली. मी देवाला साखर ठेवली होती."

"मग एकदा चुकून कोपर लागलं, तरी उघडलं. तेव्हा समजलं, दया वगैरे काही नाही. ते कुणालाही उघडतं. कधीपासूनच उघडत होतं. कुलूप नव्हतंच कधी."

"मग दुरुस्त का नाही करून घेतलं?"

"दुरुस्तीवाल्याला काय सांगू? की माझ्या तिजोरीला दार पोलादी आहे, फक्त मागची भिंत घालायची राहिली? सगळ्या कारखान्याला मी रोज भिंतीकडे उभं करतो. त्यांना कळलं तर 'भिंत' म्हणायचं तोंड राहील का मला?"

"आणि ठिणगी?"

तिचं नाव काढल्यावर यांचा आवाज बारीक झाला. "तिला वाटतं बाप कुठल्यातरी मोठ्या गोष्टीचा राखणदार आहे. राग आला तरी तसंच वाटतं तिला. ते गेलं की मग काय? पितळ घासणारा म्हातारा."

"ती चाललीय, कळतंय ना तुम्हाला?"

"तू तिला सांगणार नाहीस. वचन दे."

"सांगणार नाही," मी म्हणाले. "पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

"तुझा तो नेम!" हे कळवळून म्हणाले. "देवाला दुसरी कामं नाहीत?"

"आहेत. म्हणून तर त्याने हे काम मला दिलंय."

शनिवार उजाडला. मी दिवा लावला, नेम घेतला आणि देवाला म्हटलं, आज जरा सांभाळून घे, आज घरात ठिणगी आहे. ती समोर उभीच होती, हातात प्रवासी पिशवी. नोकरीला हो म्हटलं तर संध्याकाळच्या गाडीने जाऊन खोली बघायची होती.

"आई, तुला पासवर्ड माहीत आहे?"

"नाही." हे शंभर टक्के खरं होतं. मला मनातल्या मनात हसू आलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे सुईसारखे आहेत, किती खोल जायचं ते त्यांना बरोबर कळतं.

"बाबांना माहीत आहे?"

मी दिव्याची वात सारखी केली.

"आई."

वात सारखीच होती. मी ती पुन्हा सारखी केली.

"तू गप्प बसलीस. म्हणजे 'हो' म्हणता येत नाही तुला. म्हणजे माहीत नाही त्यांना!" पिशवी तिच्या हातातून खाली आली. "बाबांना स्वतःलाच पासवर्ड माहीत नाही?"

मी नामस्मरण सुरू केलं.

"मग उघडतात कसा? कुणी दुसरं उघडून देतं? नाही, तसं असतं तर तू 'नाही' म्हणाली असतीस… थांब, म्हणजे तसं नाही, नाहीतर… काका? काका उघडतात?"

"नाही," मी म्हणाले, आणि जीभ चावली. एकेक किल्ली लावून पाहावी तसं ती मला उघडत होती, आणि मीही त्या कॉम्प्युटरच्याच पिढीची. आणखी दोन प्रश्नांत सगळी उघडले असते.

पण तिने पुढे विचारलं नाही. खाली बसली. "म्हणजे सांगायचं नव्हतं असं नाही. सांगायला नव्हतंच काही." आणि मग, हळूच, "मग मला तसं म्हणाले का नाहीत?"

याचं उत्तर मला माहीत होतं. पण ते माझं नव्हतं, म्हणून मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चल कारखान्यात. बघू किती वेळ बसतात."

कारखान्यात भाऊजी आधीच येऊन चाकाला तेल देत होते. क्लबाचा माणूस चषक न्यायला येऊन बसला होता. नाव तेवढं कोरायचं राहिलं होतं. हे आले, कॉम्प्युटर चालू केला, चौकट आली, बाह्या सारख्या झाल्या.

"भिंत!"

भाऊजी वळले. क्लबाचा माणूस नवखा होता, त्याला भाऊजींनी दंडाला धरून वळवला. मी वळले.

"मी नाही वळणार," मागून ठिणगीचा आवाज आला.

यांची टकटक सुरूच झाली नाही.

"अगं, रीत आहे ती."

"तुम्ही उघडा. मी बघतेय."

चषकाच्या पोटात मला दोघं दिसत होती. ती त्यांच्या खुर्चीशेजारी हात बांधून उभी, आणि हे कीबोर्डवर बोटं ठेवून थिजलेले. मग त्यांनी खरंच काहीतरी टाइप केलं. कॉम्प्युटरने चिडकी घंटी वाजवली. पुन्हा टाइप केलं, पुन्हा घंटी.

"काय रे दादा," भाऊजी भिंतीला उद्देशून म्हणाले, "आज देव प्रसन्न नाही वाटतं?"

"तू गप्प बस!"

"मी गप्पच आहे. हा धावपटू विचारतोय, उलटं लटकून त्याच्या पायाला मुंग्या आल्या."

तिसरी घंटी वाजली. क्लबाचा माणूस मला कुजबुजत विचारू लागला की हे किती वेळ चालतं. मी बोटाने गप्प केलं.

"बाबा," ठिणगी अगदी हळू म्हणाली, "मला पासवर्ड नकोय. मला तुम्ही सांगायला हवंय. जे असेल ते."

चषकात यांचा चेहरा भोपळ्याएवढा झाला होता, तरीसुद्धा मला तो लहान मुलासारखा दिसला. त्यांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"वळा इकडे सगळे," हे म्हणाले.

कुणी हललं नाही. 'झालं' ऐकल्याशिवाय वळायची सवयच नव्हती.

"वळा म्हणतो ना! आता काय पत्रिका छापू?"

आम्ही वळलो. यांनी करंगळी उचलली, अख्ख्या कारखान्याला दाखवली, एखादा जादूगार दाखवतो तशी, आणि कोपऱ्यातलं ते गुळगुळीत बटण दाबलं. चौकट गेली, धून वाजली.

"एवढंच आहे," हे म्हणाले. "पासवर्ड मी केव्हाच विसरलो. बाकीची टकटक तुमच्यासाठी होती. ठिणगे, तुला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून दिलं नाही. विश्वासाचा प्रश्न नव्हता गं. लाजेचा होता."

मग भाऊजींनी हातातलं तेलाचं भांडं खाली ठेवलं.

"बटण? नुसतं बटण? आणि मी इतकी वर्षं नाव टाइप करत बसलो?"

"कसलं नाव?" यांनी वळून विचारलं.

भाऊजींच्या लक्षात आलं की आपण बोलून गेलो. कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे… रविवारी. पत्ते खेळायला. त्यात पत्त्यांचा डाव आहे एक. कॉम्प्युटरला कुठलंही नवीन नाव सांगितलं की ते म्हणतं, तुम्ही नवे दिसता, या! पासवर्डसुद्धा आपल्या मनाचा. मला वाटलं तुझा पासवर्ड वेगळा आणि खरा असेल."

"कुठलं नाव टाकायचास?"

"ते जाऊ दे ना."

"कुठलं?"

"दर वेळी नवं लागतं, मागचा पासवर्ड आठवत नाही," भाऊजी पुटपुटले. "मागच्या रविवारी 'दादा दीडशहाणा'. त्याच्या आधी 'भिंतीचा बादशहा'. त्याच्या आधीचं वहिनींसमोर सांगता येणार नाही."

पहिली हसली ती ठिणगी. तिला हसताना बघून यांच्या ओठाचा कोपरा हलला, आणि मग हे दोघं बापलेक असे हसले की क्लबाचा माणूस सरकत दारापाशी गेला. भाऊजी म्हणत होते, "अरे पण मी मनापासून वळायचो रोज! रविवारचं वेगळं!" आणि ते खरं होतं, मी शेजारीच तर उभी असायचे.

हसू ओसरल्यावर ठिणगी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, ती चौकट दार राखायला नव्हतीच हो. या जुन्या कॉम्प्युटरांना फक्त माहीत करून घ्यायचं असायचं, कोण बसलंय, त्याला पडद्यावर कुठलं चित्र आवडतं. सांगायचं नसेल तर नका सांगू, बसा, असा मामला. तुम्ही पाहुणचाराला कुलूप समजलात."

"मग आता?"

"आता खरं कुलूप. हे धूड लोखंडी कपाटात घालायचं, केबलपुरतं भोक पाडायचं आणि कपाटाला किल्ली. तुमच्या सगळ्या अक्षरांची एक प्रत घरी, आईच्या देवाशेजारी. तिथून कुणी नेलं तर आई खोटं बोलणार नाही."

मी म्हटलं, "देवाला विचारते."

"आणि एक. किल्ली माझ्याकडेही असेल."

यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून उठले, खुर्ची फडक्याने पुसली, माझंच फडकं ओढून घेऊन, आणि बाजूला झाले. "बस," म्हणाले. "चषक द्यायचाय त्यांना."

बारा वाजायच्या आत तिने लिफ्टच्या कंपनीला फोन केला. मी ऐकत होते. "येऊ शकत नाही," ती सांगत होती, "आमच्याकडे सुरक्षेचं मोठं काम निघालंय." मग जरा थांबून, "हो, वर्षानुवर्षं रखडलेलं."

सोमवारी कपाट आलं. भाऊजींनी भोक पाडलं, ते जरा वाकडं पडलं. यांनी ते बघून सुस्कारा सोडला आणि केबल स्वतःच ओवली. ठिणगीने किल्लीने दार उघडलं, कॉम्प्युटर चालू केला. करडी चौकट आली, ती बिचारी आपली अजून नाव विचारतच होती. ठिणगी खुर्चीत बसली आणि सवयीने असेल किंवा चेष्टेने, तिने बाह्या सारख्या केल्या.

आणि आम्ही वळलो. कुणी सांगितलं नव्हतं. भाऊजी वळले, मी वळले, कुरियरवाला पार्सल घेऊन वळला. आणि माझ्या शेजारी, आयुष्यात पहिल्यांदा, हे वळले.

समोर फडताळ होतं. यांनी ते सगळं वाचलं. उलटा धावपटू, हरलेल्या विजेत्यांचा चषक, कुणालाच नको असलेली जोडप्याची पाटी.

"हे सगळं इथे आहे?" हे कुजबुजले. "तुम्ही रोज हे बघत होतात?"

"रोज," भाऊजी म्हणाले.

मग त्यांची नजर फडताळाच्या कडेला गेली. क्लबाचा चषक तर गेला होता, पण शनिवारी मी आणखी एक घासून ठेवला होता, तेवढाच मोठा, तेवढाच चकचकीत. हे जरासे डावीकडे सरकले. मग अजून जरासे. चषकाच्या पोटात आमची लेक आडव्या बाजूने बसली होती, ताठ पाठीने, करंगळी उचलून. तिने ती बापासारखीच झोकात टेकवली. धून वाजली. हे पटकन आपल्या जागी सरकले.

"झालं!" ठिणगी म्हणाली. आम्ही वळलो. तिने आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि बापापाशी थांबली.

"बाबा, बघितलं नाही ना तुम्ही?"

"छे!" हे म्हणाले. "मी बरा बघेन!"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आई?"

मी फडकं उचललं आणि उलटा धावपटू पुसायला घेतला.